विकायला काहीच नसलेलं टेबल

“नवा घ्या.” दुरुस्तीवाल्याने माझा लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता. उचलून वजन बघितल्यासारखं केलं आणि निकाल दिला. सहा वर्षं जुना आहे, त्यामुळे स्लो आहे, शिवाय विंडोज १० आता मेलं, त्यामुळे नवाच घ्या. मी मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते आहे. एका वाक्यात दोनदा ‘त्यामुळे’ आलं की माझा हात लाल पेनकडे जातो.

त्याच दिवशी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, तर फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: ‘दर शनिवारी ४ ते ६. कॉम्प्युटर, मोबाइल, इंटरनेट. काहीही विचारा. फुकट.’ ‘कॉम्प्युटर’मधल्या ‘प्यु’चा उकार जागेवर होता. म्हटलं, जाऊन बघू.

त्याला आता आठ महिने झाले. मी नऊ शनिवार गेले. म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

आधी जागा कशी आहे ते सांगते. वाचन कक्षाच्या मागच्या बाजूला दोन लांब टेबलं, एक एक्स्टेंशन बोर्ड, आणि एका वेळी चार-पाच मदतनीस. त्यात निवृत्त झालेले एक काका आहेत, जन्मभर यंत्रांशीच काम केलेले. एक कॉलेजातली मुलगी, एक रात्रपाळी करून आलेला, सतत जांभया देणारा तरुण, आणि एक मध्यमवयीन गृहस्थ ज्यांच्याबद्दल पुढे बोलू. पैसे कोणी घेत नाही. वहीच्या कागदाचे तुकडे करून त्यावर नंबर घालून देतात, तेच टोकन. माणशी साधारण वीस मिनिटं. नियम दोनच: मदतनीस तुमच्या कीबोर्डला हात लावणार नाही आणि तुमचा पासवर्ड विचारणार नाही. पासवर्ड टाकायची वेळ आली की सगळे मान वळवून पुस्तकांच्या कपाटाकडे बघतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

माझा पहिला नंबर काकांकडे लागला. मी म्हटलं, “लॅपटॉप फार स्लो आहे.”

“स्लो म्हणजे काय होतं?”

“म्हणजे... स्लो.”

“चालू व्हायला वेळ लागतो? फाइल उघडायला? टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं? की इंटरनेट हळू आहे?”

मी गप्प बसले. हाच प्रश्न मी लेखकांना विचारत आले आहे, ‘सुंदर’ म्हणजे काय ते लिहा म्हणून. खरं उत्तर असं निघालं की सकाळी ठीक असतो, दुपारपर्यंत जड होत जातो. काका म्हणाले, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे मशीनमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ असं लिहिलेलं असतं. माझा आकडा होता ४१:०३:१७:२२. मला वाटलं मिनिटं असतील. ते दिवस होते. एक्केचाळीस दिवस माझा लॅपटॉप सलग चालू होता म्हणे.

“पण मी रोज रात्री बंद करते हो! शट डाउन करते, दिवा जातो, मगच झाकण लावते.”

काकांनी मग जे सांगितलं ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं, पण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे मशीनचे सुटे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, वगैरे साचलेला कचराही तसाच परत येतो. पाटी कोरी करायची असेल तर ‘रीस्टार्ट’ करायचं. म्हणजे मराठीत ज्याला आपण ‘बंद करून चालू करा’ म्हणतो ते बंद करून चालू केल्याने होत नाही, रीस्टार्टने होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना शब्दांची काडीची पर्वा नाही, हे माझं जुनं मत त्या दिवशी पक्कं झालं.

रीस्टार्ट केला. ‘स्टार्टअप ॲप्स’च्या यादीत अकरा नावं होती, त्यातली आठ मी आयुष्यात वाचलेली नव्हती. एक तर केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचं होतं. प्रत्येक नावाला काका विचारायचे, “हे वापरता?” आणि मी नाही म्हटलं की मलाच ‘डिसेबल’ दाबायला लावायचे. विंडोज ११ साठी मशीन चालेल का, हे तपासायचं मायक्रोसॉफ्टचं एक छोटं साधन आहे, तेही चालवून बघितलं. प्रोसेसर आठव्या पिढीचा होता, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप होती, सगळीकडे हिरव्या खुणा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे दुरुस्तीवाल्याचं खरंच होतं. पण अशा मशीनवर ११ फुकट चढतं, हे त्याने सांगितलं नाही.

मी विचारलं, आता काय घेऊ? क्लीनर? अँटिव्हायरस? रॅम?

“काही घेऊ नका. पंधरा दिवस वापरा आणि परत या.”

या दोन वाक्यांसाठी मी हे सगळं लिहिते आहे. ‘काही घेऊ नका, काही करू नका’ हे उत्तर ज्याच्याकडे विकायला काही आहे तो देऊच शकत नाही. तो लबाड असतो असं नव्हे. त्याच्या दुकानात तो मालच नसतो. रॅम, म्हणजे मशीनची चालू कामापुरती मेमरी, ‘साफ’ करणाऱ्या ॲपचंच बघा. रिकामी ठेवलेली रॅम काही कामाची नाही. लवकर लागेल ते सिस्टिम तिथे भरून ठेवते, ते हुसकून लावलं की मशीनला परत आणत बसावं लागतं. मोबाइलच्या बॅटरीचंही तसंच. शून्यावर आणून पूर्ण चार्ज करायचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. आताच्या लिथियमवाल्या बॅटरीला तो उलट त्रासदायक, तिला मधल्या पट्ट्यात ठेवलेलं मानवतं. हे दोन्ही मला फुकटात कळलं, आणि दोन्हीत करायचं काय, तर आजवर करत होतो ते बंद.

पंधरा दिवसांनी परत गेले. मशीन सुधारलं होतं, पण मोठ्या फाइली उघडताना अजून धापा टाकत होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली. तेव्हा मात्र काका म्हणाले, “आता खर्च करायचा असेल तर इथे करा.” माझ्या मशीनमध्ये फिरत्या तबकडीची डिस्क होती. ती काढून एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घालायची, बाकी काही नाही. घातली. आता वर्ड उघडेपर्यंत चहा टाकून यायची सवय मोडावी लागली आहे. म्हणजे ‘घेऊ नका’ हा त्यांचा हट्टही नाही. आधी पंधरा दिवस बघायला लावलं, मग सांगितलं.

दुसरी भेट, खरं तर चौथी, पण लक्षात राहिली ती ही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी पाटी यायची: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, ताबडतोब इथे दाबा. मी घाबरून एक अँटिव्हायरस टाकला. मग दुसरा. दोघे एकमेकांवर गुरगुरायला लागले आणि पाट्या येतच राहिल्या. कॉलेजातल्या मुलीकडे नंबर लागला. तिने स्कॅन वगैरे काही केलं नाही. “ताई, पुढची पाटी येऊ दे,” म्हणाली. आम्ही दोघी गळ टाकून बसल्यासारख्या बसलो. पाटी आली. “बारीक अक्षरात खाली काय लिहिलंय ते वाचा.” मी! मी, जिने सहा पॉइंटातल्या तळटीपा वाचून डोळे घालवले, तिने हे वाचलं नव्हतं. खाली ब्राउझरचं नाव होतं आणि कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता. तो व्हायरस नव्हताच, ती जाहिरात होती. कधीतरी कुठल्यातरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ विचारलं होतं आणि मी ‘अलाऊ’ दाबून मोकळी झाले होते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्यांची यादी असते. सगळी साफ केली. चार मिनिटं लागली. उरलेली सोळा मिनिटं दोन्ही अँटिव्हायरस उपटण्यात गेली. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं पडलं.

त्याच शनिवारी माझ्या मागून एक आजोबा आले. त्यांची पाटी कोपऱ्यातली नव्हती. पूर्ण स्क्रीन लाल झाला होता, भोंगा वाजत होता आणि मध्यभागी फोन नंबर. त्यांनी फोन केला होता. पलीकडच्या ‘साहेबां’नी सांगितलेला प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला होता आणि दोन तास तो माणूस त्यांच्या मशीनमध्ये हिंडत होता. हे सगळं ते टोकनच्या रांगेत, हळू आवाजात, कोणाकडेही न बघता सांगत होते.

टेबलावरचे सगळे एकदम ताठ झाले. जांभया देणाऱ्या तरुणाने आजोबांच्या हातून लॅपटॉपचं वाय-फाय आधी बंद करवलं. काकांनी स्वतःचा फोन पुढे केला: “आधी बँकेला. कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा, नेटवर शोधू नका.” मुलीने कागदावर क्रम लिहून दिला. पासवर्ड बदलायचे, पण याच मशीनवरून नाही, दुसऱ्या फोनवरून. आणि सगळ्यात आधी ई-मेलचा, कारण बाकीच्या सगळ्या कुलुपांच्या किल्ल्या विसरल्या तर तिथेच येतात. मशीन पुसून नव्याने विंडोज घालायचं, त्याआधी त्यावर काहीही टाइप करायचं नाही. तासभर तिघे त्यांच्यापाशी होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे वाक्य त्यांना तीनदा सांगितलं असेल. ‘तुम्ही फोन केलातच कसा’ हे एकदाही कोणी म्हणालं नाही. माझ्यामागे बसलेल्यांचे नंबर त्या दिवशी गेलेच. रांगेत कुरकुर झाली, आणि ती करणाऱ्यांत, माझं काम झालेलं असूनही, एक मीही होते. भोंग्याची पाटी कशी घालवायची हे मला विचारायचं राहिलं होतं. नंतर विचारलं: एस्केप दाबून धरायचं, नाही ऐकलं तर तेच टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा. उघडलेली पाटी ही फक्त वेबपान असते.

आता जिथे हे टेबल आपटलं ते सांगते, कारण तो प्रश्न माझ्या धंद्यातला होता.

एका लेखकाचं १९९८ सालचं हस्तलिखित फाइलीत होतं. उघडलं की पानभर युरोपी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. आपल्यापैकी ज्यांनी जुनी मराठी फाइल उघडली आहे त्यांना हे चित्र माहीत आहे. मी ते टेबलावर नेलं. मुलगी म्हणाली, फाइल करप्ट आहे. तरुण म्हणाला, फाँट टाका. फाँट मिळवून टाकला, अक्षरं देवनागरी दिसायला लागली. पण ‘नदी’ शोधलं तर एकही सापडेना, कारण आत अजून रोमनच होतं, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारं युनिकोड १९९१ साली आलं, पण आपल्याकडची छपाई त्यानंतर कित्येक वर्षं अशा मुखवट्यांवरच चालली. टेबलावर हे कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही. “पुढच्या शनिवारी बघतो,” म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं.

पुढच्या शनिवारी काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. आठवडाभर बसून त्यांनी त्या फाँटचं एकेक अक्षर कशाला बसवलंय त्याचा तक्ता केला होता आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याने तीनशे पानं मिनिटाच्या आत युनिकोडमध्ये आणली. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. मग पहिलं पान वाचलं. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. काकांच्या प्रोग्रामने वेलांटी एक घर पुढे सरकवली होती, जोडाक्षर आलं की ती अर्ध्या अक्षरालाच अडकायची. ‘स्थिती’, ‘स्त्रिया’, ‘अस्तित्व’, सगळीकडे ते ठिपक्यांचं वर्तुळ. रफाराचं उलटं: फाँटात नंतर, युनिकोडमध्ये आधी. आणि ‘ऱ्य’ त्याच्या तक्त्यातच नव्हता, त्यामुळे कादंबरीतला आचारी रातोरात विद्वान झाला. ‘आचाऱ्यांना बोलावलं’ याचं सगळीकडे ‘आचार्यांना बोलावलं’.

मी लाल पेन काढलं. काकांनी वही काढली. दोन तास आम्ही नियम लिहीत बसलो: वेलांटी पूर्ण व्यंजन लागेपर्यंत पुढे न्या, रफार मागच्या पूर्ण अक्षराच्या आधी न्या, मधे काना-मात्रा असेल तर तीही ओलांडा. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या फाइलींत ते ‘अ’वर चंद्र ठेवून केलेलं असतं, तेही शोधून काढलं. तिसऱ्या शनिवारी आलेली प्रत नव्वद टक्के शुद्ध होती. उरलेले दहा टक्के मी केले, माझ्या दराने लेखकाकडून पैसेही घेतले. काकांना द्यायला गेले तर त्यांनी टोकनचा तुकडा पुढे केला, म्हणाले, “पुढच्याला बोलवा.”

माहीत नाही हे कळायला इथे एक आठवडा लागला आणि उत्तर यायला तीन. ज्याला सोमवारी काम द्यायचं आहे त्याच्या हे कामाचं नाही.

आता ते मध्यमवयीन गृहस्थ. ज्ञान अफाट. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘सोप्पं आहे हो’ने. सोपं असतं तर मी शनिवारची दुपार घालवून आले असते का? त्यांना काहीही विचारा, दहा मिनिटांत गाडी लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर, येते. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं होतं की मेलमधून फोटो का जात नाहीत. बाईंना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, काय असतो ते कळलं, फोटो गेले नाहीत. उत्तर खरं तर छोटं होतं, मुलीने नंतर दिलं: जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलने जाताना फाइल अक्षरांच्या रूपात बांधली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे बाईंचे वीस एमबीचे फोटो वाटेत पंचवीसच्या वर जात होते. लिंक पाठवा. संपलं. गृहस्थांकडे नंबर लागला तर सरळ म्हणा, मला फक्त एवढंच हवंय. रागावत नाहीत, हे कबूल करायला हवं.

त्यांची आणि काकांची एकदा माझ्यासमोर चांगलीच जुंपली. मी विचारलं होतं, पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा का. काका म्हणाले, अर्थात, नोकरीत असताना आम्हाला सक्तीच होती. गृहस्थ उसळले. म्हणे हा नियम ज्याने रुजवला त्या बिल बर नावाच्या माणसानेच तो मागे घेतलाय. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेत असताना २००३ साली त्याने ती सूचना लिहिली: आकडे घाला, चिन्हं घाला, ठरावीक दिवसांनी बदला. २०१७ साली निस्टने नवी सूचना काढली, आणि त्याच वर्षी निवृत्त बर महाशयांनी वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला पश्चात्ताप होतो. कारण लोक बदलतात म्हणजे काय करतात? शेवटच्या १ चा २ करतात. मी खाली बघितलं. माझा ७ पर्यंत पोचला होता.

काका ऐकेनात. गृहस्थांनी फोनवर निस्टची सूचना उघडून दिली, काकांनी चष्मा लावून वाचली, दोनदा वाचली आणि म्हणाले, “बरोबर आहे. मी चुकीचं सांगत होतो.” लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर, आणि फुटल्याची शंका आली तरच बदला. आपला ई-मेल कुठल्या चोरीत सापडलाय का ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर बघता येतं. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने ती २०१३ पासून चालवली आहे, नुसता पत्ता टाकायचा. माझा चार चोऱ्यांत निघाला. दोन मदतनीस भांडतात याला काही जण उणेपणा म्हणतील. मला तरी भांडण उघड्यावर झालेलं बरं वाटलं, कारण एकट्या काकांकडे गेले असते तर आठवा पासवर्ड करून बसले असते.

एक पळती गोष्ट: इंटरनेट कंपनी १०० एमबीपीएस सांगते आणि डाउनलोड बारा दाखवतं, म्हणून मी तक्रारीचं पत्र लिहूनच नेलं होतं. कंपनीचा ‘बी’ बिटचा, डाउनलोडचा बाइटचा, आठ बिटांचा एक बाइट. पत्र सुंदर झालं होतं. फाडलं.

शेवटची मोठी भानगड माझी मीच केलेली. लॅपटॉपवर जागा नाही म्हणून मी जुन्या कामांचं फोल्डर उडवलं. गूगल ड्राइव्हमध्ये आहेच की! ते ड्राइव्हशी जोडलेलं फोल्डर होतं. इथे उडवलं तसं तिथेही उडालं. सत्तावीस दिवसांनी लक्षात आलं, गुरुवारी रात्री, आणि टेबल शनिवारी. ते दोन दिवस कसे काढले ते मला माहीत. शनिवारी पावणेचारलाच जाऊन बसले. तरुणाने जांभई अर्धी सोडली: “कधी डिलीट केलं? किती दिवस झाले?” एकोणतीस. ड्राइव्हचा ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडायला लावलं, ट्रॅश, राइट क्लिक, रीस्टोअर. आलं सगळं. मग तो मला शांतपणे म्हणाला, “सिंक म्हणजे बॅकअप नाही, ताई. तो आरसा आहे. तुम्ही कुंकू पुसलं की आरशातलंही जातं.” एवढी चांगली उपमा माझ्या लेखकांनाही सुचत नाही.

त्याने ३-२-१ चा नियम सांगितला, पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. म्हणजे बाहेरची डिस्क घ्यावी लागली, हा टेबलाने करायला लावलेला दुसरा खर्च. डिस्क एक टीबीची आणली, घरी लावली तर ९३१ जीबीच. फसवलं! अर्ज लिहिणार होते, पण मागचं पत्र आठवलं आणि आधी विचारलं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव मात्र तेच लावतं. डिस्क पूर्ण आहे. नावात घोळ आहे. म्हणजे परत माझाच प्रांत.

एकदा वाट बघताना मी काकांना विचारलं, हे असलं फुकटचं टेबल कोणाच्या डोक्यातून निघालं. ते म्हणाले, नवं काही नाही, घराघरांत कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हापासूनचं आहे. १९७७ साली बॉस्टनमध्ये जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने कॉम्प्युटर सोसायटी काढली, ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला सांगायचं, एवढ्यावर ती १९९६ पर्यंत चालली. दुरुस्तीचंही तसंच, आम्स्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी रिपेअर कॅफे सुरू केला. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्याचा माउस होता आणि ते त्याच्या पोटातला केस चिमट्याने काढत होते.

तर पाचपैकी चार. अर्धा गुण आयफोनसाठी कापला, त्यातलं नीट जाणणारं टेबलावर कोणी नाही. उरलेला अर्धा नोंद न ठेवण्यासाठी: मागच्या आठवड्यात काय झालं ते दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. स्वतःची वही न्या. चार्जर न्या. काही चुकल्याची (‘एरर’ची) सूचना येते तेव्हा ती ‘ओके’ करून घालवू नका, फोनने फोटो काढून न्या, त्यातला आकडा त्यांना लागतो. चोरीचं सॉफ्टवेअर चालू करून मागू नका, नाही म्हणतात आणि मग बाकीचं सांगताना आवाज जरा कोरडा होतो. ‘हँग होतो’ एवढंच म्हणू नका, काय करत होतात तेव्हा, ते सांगा.

आणि टोकन पावणेचारच्या आत घ्या. मी विंडोज ११ चढवायला साडेपाचला बसले होते. सहा वाजता शिपाईमामा वाचन कक्षाचं मुख्य बटण घालवतात, आणि वाय-फायचा राउटर त्याच बटणावर आहे. डाउनलोड बासष्ट टक्क्यांवर होतं. “मामा, पाच मिनिटं,” म्हटलं तर म्हणाले, “बाई, हे मला दर शनिवारी कोणीतरी सांगतं.”